भिंतीबाहेरचे वेड : कथावाङ्मयातील मनोरुग्ण आणि बुलडाणा जिल्हा

मनोरुग्णाकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहतो, हे जाणून घेण्याचे कथावाङ्मय हे एक महत्त्वाचे साधन आहे. या संदर्भात रशियन कथाकार चेखव यांची ‘वॉर्ड नं. 6’ (1892) ही दीर्घकथा आणि सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेकसिंग’ ही उर्दू कथा यांचा उल्लेख हमखास होतो. पहिलीत रुग्णाशी संवाद साधणारा डॉक्टरच अखेर त्या वॉर्डात कोंडला जातो. दुसरीत फाळणीनंतर वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांची भारत-पाकिस्तानात अदलाबदल होते आणि बिशनसिंग दोन्ही देशांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो. शहाणे नेमके कोण, हा प्रश्न दोन्ही कथांनी इस्पितळाच्या भिंतीआडच्या माणसांकडून विचारविला आहे.

बुलडाणा जिल्ह्याचा इतिहास या चौकटीत बसत नाही, कारण येथे ती भिंतच नव्हती. नागपूरचे मनोरुग्णालय 1864 मध्ये स्थापन झाले. बुलडाण्याहून ते तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. ठाणे, येरवडा व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयेही जवळची नव्हेत. 1912 च्या कायद्यात रुग्णाला दाखल करण्याचा मार्ग बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकुमातून जात असे. लोणार वा संग्रामपूरच्या शेतकरी कुटुंबाला हा प्रवास आणि ही कचेरी दोन्ही परकी होती. रुग्ण घरातच राहिला, किंवा सैलानीला नेला गेला.

पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. नारळांची होळी पेटते, अंगावरचे कपडे उतरवून टाकले जातात आणि त्यांबरोबर पीडाही जाते, अशी श्रद्धा आहे. भाविकांत सर्व धर्मांचे लोक असतात. येथील बोलीत आजाराला आजार म्हणत नाहीत, ‘बाहेरचे’ म्हणतात. या शब्दाकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे पुरेसे नाही. दोष बाहेरचा ठरला की तो रक्ताचा ठरत नाही. रुग्णाच्या बहिणीचे लग्न अडत नाही, आईच्या संगोपनावर बोट ठेवले जात नाही. कुटुंबाची अब्रू राखणारा असा आधार इस्पितळाच्या कागदाने क्वचितच दिला असेल. परंतु त्याच शब्दाने उपचार लांबणीवर पडतो आणि मारझोडीला व साखळीला मान्यता मिळते.

साखळीची किंमत तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसली. 6 ऑगस्ट 2001 रोजी दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेल्या 28 रुग्णांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. पुढे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे व मारणे हा गुन्हा ठरविला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली.

कायद्याने रुग्ण पाहिला. त्याला बैलगाडीतून वा एस.टी.ने आणणारी आई, भाऊ, बायको मात्र कायद्यात जेमतेम आहेत आणि उपरोक्त दोन्ही कथांतही कडेलाच आहेत. बिशनसिंगाला त्याचे नातेवाईक भेटीला येत. फाळणीच्या धामधुमीत ते येईनासे झाले, असे मंटो सांगतात. सैलानीच्या आवारातील कथेचे मुख्य पात्र हा नातेवाईकच असता. पीक, कर्ज आणि रुग्ण ही तिन्ही ओझी त्याच्याच खांद्यावर असतात. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने 2015 मध्ये चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ हा समुपदेशन प्रकल्प सुरू केला, त्यांत बुलडाणाही होता.

श्रद्धास्थान आणि औषध यांची सांगड घालण्याचा एक प्रयत्न गुजरातेत झाला आहे. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा व दुआ’ हा उपक्रम चालविण्यात आला. तेथे मुजावर भाविकाची श्रद्धा न मोडता त्याला आवारातच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवीत.