बिळवासी मूषक : आनुवंशिक वैविध्य व प्रच्छन्न जाती
भूमिगत अथवा अर्धभूमिगत जीवन कंठणाऱ्या कृंतक प्राण्यांत, देहाची ठेवण सारखी असूनही गुणसूत्रांत व आनुवंशिक द्रव्यात जातिभेदाइतके अंतर पडलेले पुष्कळदा आढळते. नुसत्या अवलोकनाने ओळखू न येणाऱ्या अशा जातींस प्रच्छन्न जाती म्हणतात. माती उकरण्याचे काम सर्वत्र एकच असल्याने देह फारसा बदलत नाही. परंतु बिळापासून दूर न जाणारे लहान लहान समूह परस्परांस पारखे होऊन त्यांची गुणसूत्रे आपापल्या वाटेने बदलत राहतात. दक्षिण अमेरिकेतील टुकोटुको वंशात गुणसूत्रांची संख्या 10 पासून 70 पर्यंत आढळते, तर इस्राएलमधील आंधळ्या बिळवासी मूषकाच्या 52, 54, 58 व 60 गुणसूत्रांच्या चार प्रकारांना 2001 मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नावे देण्यात आली.

आपल्याकडेही असा शोध घेण्याजोगी जमीन आहे. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुका हा काळ्या, कपाशीच्या जमिनीचा मुलूख. उन्हाळ्यात ही जमीन खोल भेगाळते. अशा जमिनीतील मूषकांची फार बोलकी कैफियत वॉल्टर एलियट यांनी 1839 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांच्या यादीत सापडते. मिलार्डिया मेलटाडा हा मऊ केसांचा शेतउंदीर स्वतः जेमतेम बीळ करतो, उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांतच बिऱ्हाड करतो आणि पावसाने भेगा बुजल्या की त्यांतच मोठ्या संख्येने गाडला जातो. 1826 साली आरंभीचा पाऊस अपुरा पडल्याने हा संहार टळला, तेव्हा या उंदरांनी पेरलेले बी खाल्ले, पुढे ताटांवर चढून ज्वारीची कणसे तोडली, आणि शेते उजाड होऊन रयतेस सारा भरणेही अशक्य झाले. याच वंशातील मिलार्डिया कोंडाना ही जाती मात्र, सिंहगडासारख्या राबत्याच्या गडावर वसत असूनही, 1975 मध्ये मिश्रा व धंडा यांनी वर्णन करीपर्यंत शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली नव्हती.

प्रच्छन्नतेचे खरे उदाहरण मिलार्डियाहून लहान, शेतांत बिळे करून राहणाऱ्या मस बूडुगा या उंदराचे होय. या नावाखाली दोन जाती एकत्र नांदत असल्याचे माते व पेटेर यांनी 1968 मध्ये गुणसूत्रांवरून दाखविले. दुसरी जाती आज मस टेरिकलर या नावाने ओळखली जाते. दोहोंची गुणसूत्रे 40च. भेद संख्येत नसून क्ष-गुणसूत्राच्या आकारात व घडणीत आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयातील संशोधनात मस टेरिकलरमध्येही गुणसूत्रांचे तीन निरनिराळे प्रकार आढळले.

म्हणूनच वावरात व धुऱ्यावर सापडणाऱ्या साऱ्या मूषकांस ‘उंदीर’ या एकाच सदराखाली नोंदणे पिकांच्या संरक्षणासही उपकारक नाही. राळेगावसारख्या तालुक्यांतून पकडलेल्या मूषकाची कातडी व कवटी यांबरोबर ऊतीचा नमुनाही, गाव व तारीख घालून, जतन झाला पाहिजे.