स्लायगोव्हिल

स्लायगोव्हिल : जमेका बेटाच्या आग्नेय भागातील सेंट कॅथरिन परगण्यातले डोंगरउतारावरील छोटे गाव. ते स्पॅनिश टाउनच्या उत्तरेस सुमारे १६ किमी. अंतरावर असून जमेकातील पहिले ‘मुक्त ग्राम’ मानले जाते.

ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली. तरी मळ्यांवरील माणसांना ‘उमेदवार’ म्हणून आठवड्याचा बराचसा काळ जुन्याच मालकाकडे बिनमजुरीने राबावे लागे. ही सक्ती १८३८ मध्ये उठली, तेव्हा मळेवाल्यांनी झोपड्यांवर आणि भाजीपाल्याच्या तुकड्यांवर जबर भाडे लावले. न देणाऱ्यांना हुसकावले. पायाखालची जमीन स्वतःची नसेल तर कायद्याने दिलेली मुक्ती मालक सहज हिरावून घेऊ शकतो, हे स्पॅनिश टाउनमधील बॅप्टिस्ट मिशनरी जेम्स फिलिपो यांनी आधीच ओळखले होते. त्यांनी १८३५ मध्ये डोंगरात २५ एकर जमीन घेऊन तिचे लहान तुकडे पाडले. पहिला तुकडा हेन्री ल्यूनन या पूर्वीच्या गुलामाने विकत घेतला. मळेवाले अशा कामासाठी जमीन विकत नसत. म्हणून पुढे अनेक ठिकाणी चर्चच्या वतीने मध्यस्थांकरवी गुपचूप खरेदी झाली. स्टर्ज टाउन, क्लार्कसनव्हिल ही गावे मुक्त ग्रामांच्या याच चळवळीतून उभी राहिली. गावाला नाव मिळाले ते गव्हर्नर मार्क्विस ऑफ स्लायगो यांचे. त्यांचे स्वतःचेही जमेकात मळे होते. तरी उमेदवारांची बाजू घेतल्यामुळे मळेवाल्यांच्या विधानसभेशी त्यांचा संघर्ष झाला व १८३६ मध्ये त्यांनी पद सोडले.

जवळचे स्पॅनिश टाउन हे १५३४ मध्ये स्पॅनिशांनी वसवलेले शहर १८७२ पर्यंत जमेकाची राजधानी होते. तेथून रिओ कोब्रे नदीच्या घळीतून बॉग वॉककडे रस्ता जातो. वाटेत कठडे नसलेला जुना फ्लॅट ब्रिज लागतो. त्यापुढील लिनस्टेडचा बाजार अ‍ॅकी फळे न खपलेल्या विक्रेतीच्या लोकगीतामुळे प्रसिद्ध आहे. दक्षिणेकडील ओल्ड हार्बर बे येथे १८४५ मध्ये भारतीय करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज लागले.

स्लायगोव्हिलजवळच्या पिनॅकल टेकडीवर रास्ताफारी या धार्मिक पंथाचे आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल यांनी १९४० मध्ये आपल्या अनुयायांची वसाहत स्थापली. हॉवेल यांच्या विचारांवर जमेकातील भारतीयांचा प्रभाव अभ्यासकांनी दाखवला आहे. वसाहतीत लोक एकत्र राहून शेती करीत. पोलिसांनी वारंवार छापे घालून १९५० च्या दशकात ही वसाहत मोडून काढली.