विरहाची चित्रे आणि मळवलीचा छापखाना

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या तैलचित्रांतल्या व्याकूळ नायिका काव्यातून आल्या. संस्कृत काव्यशास्त्र या भावावस्थेला विप्रलंभ शृंगार म्हणते. भेटीआधीची ओढ, म्हणजे पूर्वराग, हाही त्याचाच एक प्रकार. युरोपातही कवितेतली खिन्नता रंगांत उतरली होती. कॉन्स्टन्स शार्पांतिये यांनी लगुव्हे या फ्रेंच कवीच्या कवितेवरून १८०१ मध्ये झाडाखाली मान झुकवून बसलेली एकाकी स्त्री रंगवली. ती स्त्री निनावी होती. रविवर्मांच्या नायिका मात्र प्रेक्षकांना कथाकीर्तनांतून आधीच ठाऊक होत्या.

'शकुंतला पत्रलेखन' (१८७६) हे चित्र कालिदासाच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकावर बेतले आहे. जमिनीवर पहुडलेली शकुंतला कमलपत्रावर दुष्यंताला पत्र लिहिते आणि सख्या जवळ बसून आहेत. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी हे चित्र विकत घेतले. 'हंस-दमयंती' (१८९९) या चित्राची कथा महाभारताच्या वनपर्वातली; रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे ती मराठी घरांत रुळलेली होती. लाल साडीतली दमयंती हंसाकडून नळाचे गुणवर्णन ऐकते. चेहऱ्यावर आक्रोश नाही. सारी व्याकुळता नजरेत आणि ऐकण्यात एकवटली आहे.

मूळ चित्रे राजवाड्यांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत राहत. त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असे बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी सुचवले होते. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला आणि 'शकुंतलाजन्म' हे पहिले चित्र छापून निघाले. पुढे प्लेगच्या काळात छापखाना मावळातल्या मळवलीला हलला. मुंबई–पुणे लोहमार्गावरचे हे गाव कार्ले–भाजे लेण्यांच्या पायथ्याशी आहे.

छपाई शिळाछापाची होती. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने आकृती काढत. ओल्या दगडावर छपाईची शाई फक्त त्या रेषांनाच धरे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. एकच कागद सगळ्या दगडांवरून तंतोतंत जुळवून काढावा लागे. जरा हलला तरी ओठांचा रंग गालावर जाई. शेवटी वॉर्निशचा हात दिला की तैलचित्राची चकाकी येई.

कर्जामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मांनी हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९७२ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली. तोवर राजवाड्यातली विरहिणी साध्या घरांच्या भिंतींवर पोचली होती, आणि हेच मळवलीच्या छापखान्याचे मराठी कलाजीवनाला सर्वांत मोठे देणे ठरले.