न्याहारीचा महिमा

मुलगा घाईघाईनें शाळेस निघाला आणि पोह्यांची बशी तशीच राहिली, म्हणजे आईच्या तोंडून एक वाक्य हटकून निघतें : सकाळचें खाणें हें दिवसांतलें मुख्य खाणें, तें चुकवूं नये. वजन उतरवूं पाहणाऱ्या गृहस्थांसहि हाच उपदेश होतो. न्याहारी टाकाल तर दुपारीं दुप्पट खाल आणि अधिकच स्थूल व्हाल, असा धाक त्यांस घालण्यांत येतो. हें वचन इतकें परिचयाचें झालें आहे कीं, तें वाडवडिलांपासून चालत आलें असावें असें वाटतें. वस्तुतः त्याचें वय फार नाहीं.

मध्ययुगीन युरोपांत सकाळीं लवकर खाणें भूषणावह नव्हतें. तेराव्या शतकांतील धर्मपंडित थॉमस अक्वायनस यानें खादाडपणाचे जे प्रकार सांगितले, त्यांत वेळेपूर्वीं खाणें हा एक होता. आपल्याकडे न्याहारी होती. पण ती मुख्यतः पहांटे औत घेऊन शेतावर गेलेल्या माणसाची. श्रम आधीं, भाकरी मागून. आयुर्वेदानेंहि पूर्वीचें अन्न पचल्यावर जेवावें असें सांगितलें.

मग हा महिमा वाढला कोठें ? अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत बॅटल क्रीक नांवाचें गांव आहे. तेथें डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचें मोठें आरोग्यधाम होतें. मांस वर्ज्य करून धान्य खावें, असा त्यांचा आग्रह असे. १८९४ सालीं तेथें शिजवून ठेवलेला गहूं शिळा झाला. तो रुळांतून दाबून काढतांच त्याचे पातळ पापुद्रे निघाले. पुढें मक्याचेहि तसेच पापुद्रे झाले, आणि १९०६ सालीं डॉक्टरांचे बंधु विल यांनीं ते विकण्यासाठीं स्वतंत्र कारखाना काढला. चूल पेटवावयास नको, रांधावयास नको. खोका उघडून दूध ओतलें कीं न्याहारी तयार!

१९१७ सालीं डॉ. केलॉग यांच्याच 'गुड हेल्थ' मासिकांत लेना कूपर या आहारतज्ज्ञ बाईंनीं, अनेक दृष्टींनीं न्याहारी हें दिवसांतील सर्वांत महत्त्वाचें जेवण होय, असें मत मांडलें. त्यांचा हेतु शुद्ध नसेल असें म्हणण्यास कारण नाहीं. परंतु जें मत वैद्यकाच्या आसनावरून निघालें, तें व्यापाऱ्याच्या दुकानीं फार उपयोगी पडलें. पुढें जाहिरातशास्त्रांतील धुरंधर एडवर्ड बर्नेज यांनीं डुकराचें मांस विकणाऱ्या एका कंपनीसाठीं डॉक्टरांकडून भरपेट न्याहारीस अनुकूल मतें मागविलीं आणि तीं वर्तमानपत्रांत झळकविलीं. माल निराळा, युक्ति तीच.

याच्या उलट सूरहि त्या काळीं निघाला होता. एडवर्ड ड्यूई या अमेरिकन डॉक्टरानें १९०० सालीं न्याहारी सोडण्याचा पुरस्कार करणारें पुस्तक लिहिलें. गांधीजी जोहान्सबर्गला असतांना, मँचेस्टर येथें न्याहारी न करणाऱ्यांचें एक मंडळ निघाल्याचें त्यांच्या वाचनांत आलें. त्यांनीं न्याहारी सोडली. कांहीं दिवस जड गेलें, पण डोकेंदुखी थांबली, असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे. अर्थात् एका माणसाचा अनुभव, तो महात्म्याचा असला तरी, सर्वांस लागू होणारा पुरावा ठरत नाहीं.

पुरावा कसा मिळावा ? न्याहारी न करणारे लोक बहुधा अधिक स्थूल असतात, असें अनेक पाहण्यांतून दिसलें होतें. पण त्यांच्यांत धूम्रपानहि अधिक आढळतें, व्यायाम कमी आढळतो. सोबती कोणता आणि कारण कोणतें, हें नुसत्या पाहणीनें कळत नाहीं. म्हणून प्रयोग झाले. २०१४ सालीं सुमारें ३०० प्रौढांवरील १६ आठवड्यांचा असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोणास न्याहारी करावयास सांगितली, कोणास टाळावयास. वजनांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. २०१९ सालीं मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठांतील संशोधकांनीं १३ प्रयोगांचा एकत्र विचार केला. न्याहारी करणारे दिवसास सरासरी २६० कॅलरी अधिक घेत, आणि त्यांचें वजन ०.४४ किलोग्रॅमनें अधिक भरलें. हे प्रयोग अल्पकाळचे होते, हेंहि त्याच संशोधकांनीं बजावलें. तेव्हां न्याहारी टाकल्यानें माणूस सडपातळ होतो, असा उलटा महिमाहि कोणीं गाऊं नये. दिवसभरांत एकूण काय आणि किती खाल्लें, हाच मुख्य प्रश्न उरतो.

वाढत्या वयाच्या मुलाची गोष्ट निराळी. भुकेल्या पोटीं धडा लक्षांत राहत नाहीं. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यानें वैद्यास विचारल्यावांचून खाण्याच्या वेळा बदलूं नयेत. पण ज्या प्रौढ माणसास सकाळीं भूकच लागत नाहीं, त्यानें केवळ धाकापोटीं खाण्याचें कारण नाहीं, आणि ज्यास लागते, त्यानें वजनाच्या भीतीनें उपाशी राहण्याचेंहि नाहीं. उद्यां पोह्यांची बशी पुढें आली, तर आधीं आपल्या पोटास विचारावें. बॅटल क्रीकच्या खोक्यास नव्हे.