कॉसमॉस ९५४ : पहाटे चार वाजून त्रेपन्न मिनिटं

विज्ञानकथेतल्या लढाऊ अवकाशनौकेत किरणोत्सर्ग वाढला की तांबडा दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि खलाशी दारं लावायला धावतात. १९७८ साली एक खरंखुरं लष्करी यान अणुभट्टीसकट पृथ्वीवर कोसळलं, तेव्हा आत भोंगा ऐकायला कुणी नव्हतं. ज्यांच्या डोक्यावर ते पडणार होतं, ती माणसं झोपेत होती.

१८ सप्टेंबर १९७७. सोव्हिएत संघाने कॉसमॉस ९५४ सोडला. काम एकच, रडारने अमेरिकी युद्धनौकांवर पाळत ठेवायची. रडारला वीज फार लागते आणि जहाजं नीट दिसायची तर कक्षा खालची हवी. तेवढ्या खाली विरळ का होईना, हवा असते; मोठे सौरपंखे लावले तर तीच यानाला ओढून खाली आणते. म्हणून यानाच्या पोटात समृद्ध युरेनियमवर चालणारी अणुभट्टी. काम संपलं की भट्टी सुटी करून हजारेक किलोमीटर उंचीवर ढकलून द्यायची, अशी योजना होती.

६ जानेवारी १९७८. यानातला दाब गेला, ताबा सुटला. भट्टी वर ढकलणं जमलंच नाही.

१२ जानेवारी. अमेरिकी अध्यक्ष कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रझिन्स्की यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना बोलावून जाब विचारला. पुढे काही मित्रदेशांच्या सरकारांना गुपचूप कळवण्यात आलं. लोकांना मात्र काही सांगितलं नाही. घबराट पसरेल, ही भीती. हे मला आजही पटत नाही. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही. ज्याला ठाऊकच नाही, तो हात लावणारच.

२४ जानेवारी, पहाटे ४:५३. यान कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून वातावरणात शिरलं आणि पेटलं. यलोनाइफ गावात त्या वेळी जागे असलेल्या काहींनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. थोड्याच वेळात कार्टर यांचा कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडो यांना फोन गेला. ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून बेकर लेकपर्यंत सुमारे सहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात अवशेष पडले होते.

त्याच दिवशी शोध सुरू झाला. उणे चाळीसची थंडी, दिवस जेमतेम काही तासांचा. हर्क्युलिस विमानांत सोडियम आयोडाइडचे मोठे स्फटिक बसवलेले होते. गॅमा किरण स्फटिकात शिरला की आत बारीकशी चमक उठते. ती किती तेजस्वी, यावरून किरणाची ऊर्जा कळते. नुसत्या मोजणीवर भागत नव्हतं, कारण तिथल्या खडकातच युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम आहे. उघड्या कातळावरून गेलं तरी आकडा चढतो. ओळखायचं होतं ते झिर्कोनियम-९५ आणि त्याच्यासारखे भट्टीतच जन्मणारे पदार्थ. त्यात मोठी मदत झाली कॅनडाच्या भूवैज्ञानिकांच्या यंत्राची. ते बनवलं होतं युरेनियमच्या खाणी शोधायला!

दोन-तीन दिवसांत सरोवराच्या गोठलेल्या पूर्व टोकाला पहिली पक्की खूण मिळाली.

२८ जानेवारी. थेलॉन नदीकाठी वॉर्डन्स ग्रोव्ह इथे सहा तरुण हिवाळा काढायला राहिले होते. त्यातले दोघे कुत्र्यांच्या स्लेजवरून निघाले असताना बर्फात अर्धवट रुतलेलं काहीतरी दिसलं. सांबराच्या शिंगांसारखे वर आलेले धातूचे फाटे. एकाने हातमोज्यानेच त्याला स्पर्श केला. तळावर परतल्यावर सोबत्यांकडून कळलं की रेडिओवर बातमी आहे, जवळपास अणुभट्टीचं यान पडलंय. नशीब बलवत्तर, तो तुकडा फारसा तापदायक नव्हता. तपासणीत दोघेही ठणठणीत निघाले. दुसरीकडे मात्र असेही तुकडे सापडले, की ज्यांच्या शेजारी काही तास बसणं जिवावर बेतलं असतं.

आसपासच्या डेने आणि इनुइट वस्त्यांना काळजी लागली कॅरिबूची आणि माशांची, म्हणजे रोजच्या जेवणाची. ती अनाठायी म्हणता येत नाही.

शोध ऑक्टोबरपर्यंत चालला, एक लाख चोवीस हजार चौरस किलोमीटरवर. कॅनडाने साठ लाख डॉलरचं बिल पाठवलं. १९८१ साली तीस लाखांवर तडजोड झाली. भट्टीतल्या इंधनापैकी हाती लागलं ते सुमारे ०.१ टक्का. त्यानंतरही अशी यानं १९८८ पर्यंत उडत राहिली. त्यांतल्या बहुतेकांच्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे वर ढकलल्या गेल्या आणि आजही तिथेच फिरताहेत.