मुंबईचे रक्त

२०२४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. आमच्या नगर जिल्ह्यातील (कागदोपत्री तो आता अहिल्यानगर झाला आहे, पण जिभेवर अजून नगरच येते) शिर्डीहून एक गृहस्थ मोटारीने निघाले आणि चारशेहून अधिक किलोमीटरांची वाट कापून इंदूरला पोचले. एवढी धाव देवदर्शनासाठी नव्हती की सोयरिकीसाठीही नव्हती. इंदूरच्या रुग्णालयात मृत्यूशी झगडणाऱ्या, कधी न पाहिलेल्या एका बाईला आपले रक्त द्यावयाचे होते.

इंदूरसारख्या शहरात रक्ताला काय तोटा? पण त्या बाईला आधी 'ओ' गटाचे रक्त देण्यात आले होते आणि त्यानेच तिची प्रकृती ढासळली, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आले. ओ म्हणजे सर्वांना चालणारे रक्त, असे आम्ही शाळामास्तर वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. मग ते या एका बाईलाच विष का व्हावे? कारण तिचा गट ओ नव्हताच. तो ओसारखा दिसणारा निराळाच गट होता. जगभरच्या ग्रंथांत त्या गटाला नाव आहे 'बॉम्बे', म्हणजे आपली मुंबई!

ही बातमी वाचल्यापासून त्या नावाचा इतिहास मी धुंडाळत होतो. तोच आज फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

रक्ताचे गट प्रथम ओळखले ते व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर याने, १९०१ साली. हे गट आईबापांकडून मुलांकडे ठरावीक नियमाने उतरतात, हेही पुढे सिद्ध झाले. आनुवंशिकतेचे शास्त्र माणसाला लावून पाहावयाचे, तर रक्तगटाइतके सोयीचे साधन त्या काळी दुसरे नव्हते. मुंबईतही ती विद्या रुजत होती. डॉ. ल. दे. संघवी आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी मुंबईतील सहा जातिगटांच्या आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास १९४९ च्या सुमारास प्रसिद्ध केला होता. अशा वातावरणात परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. य. म. भेंडे विकृतिशास्त्र शिकवीत होते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांवर पुढे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या पोसल्या.

भेंडे आणि त्यांचे सहकारी चिं. का. देशपांडे व ह. म. भाटिया यांच्यापुढे एक चमत्कारिक रक्त आले. तपासणीत ते ओ ठरत होते. पण त्या रक्तातील पाण्यासारखा भाग, म्हणजे रक्तद्रव, ओ गटाच्या पेशींशी मिसळला की पेशींच्या गुठळ्या होत. ए घ्या, बी घ्या, ओ घ्या, कोणतेच रक्त त्याला मानवेना.

एखादा कंटाळलेला माणूस म्हणाला असता, "परीक्षानळी अस्वच्छ असेल, द्या फेकून." या तिघांनी तसे केले नाही. न जुळणारे रक्त त्यांनी जपून ठेवले, पुन्हा पुन्हा तपासले, आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील तज्ज्ञांशी संधान बांधले. रेस आणि रूथ सँगर हे रक्तगटांतील जाणकार, तर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रसायनांतील. तीन मुंबईकर आणि चार लंडनकर अशा सातजणांच्या नावाने मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख आला. त्याच्या मथळ्यात 'नवे' हा शब्द अवतरणचिन्हांत टाकला होता. शोध लावणाऱ्यांचा हा संकोच मला फार आवडला.

यातील शास्त्र घरगुती भाषेत सांगतो. दिवाळीत आपण आकाशकंदील टांगतो. त्यासाठी आधी खुंटी हवी. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर 'एच' नावाची साखरेची एक खुंटी असते. तिला एक प्रकारची साखर जोडली की ए गट होतो, दुसऱ्या प्रकारची जोडली की बी. काहीच न जोडता नुसती खुंटी राहिली तर ओ. मुंबई गटाच्या माणसात खुंटीच नसते. ए किंवा बी घडविण्याची सामग्री अंगात असली तरी टांगावयाची कशावर? शिवाय खुंटी त्या शरीराला परकी असल्यामुळे ते तिच्याशी लढते, आणि खुंटी तर ए, बी, ओ सर्वांच्याच रक्तात असते. अशा माणसाला फक्त मुंबई गटाचेच रक्त चालते.

यातून घरोघर कालवाकालव होईल असा एक प्रश्न निघतो. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हीन याने एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिचा गट ओ लागत होता, तरी तिच्या अपत्यात बी उतरला होता. तिच्या ठायी बी होता, पण खुंटीअभावी तो दिसत नव्हता. आता हीच हकीकत एखाद्या खेड्यात घडली असे समजा. नवरा ओ, बायको ओ, मूल बी! प्रयोगशाळेच्या चिठोऱ्यावर विसंबून त्या सुनेचे काय झाले असते, हे सांगावयाला कादंबरीकार कशाला हवा? म्हणून म्हणतो, असा कागद हाती पडला तर बाईकडे बोट दाखविण्याआधी रक्त पुन्हा तपासा.

भाटिया यांनी तर आपले आयुष्यच या विषयाला वाहिले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र १९५७ साली मुंबईत सुरू झाले. परळची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था ती हीच. १९६२ साली भाटिया आणि संघवी यांनी दाखवून दिले की मुंबई गटाच्या माणसांचे आईबाप पुष्कळदा नात्यातले असतात. १९७४ च्या त्यांच्या पाहणीत मुंबईत सुमारे ७,६०० माणसांत एक असे या गटाचे प्रमाण निघाले. युरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ मानतात. १९७३ साली ज्या चमूने आणखी एक रक्तलक्षण शोधून त्याला 'इंडियन' हे नाव दिले, त्यातही भाटिया होते. एका शहराचे आणि एका देशाचे नाव रक्तशास्त्रात कोरले गेले, त्या दोन्ही ठिकाणी हा माणूस हजर होता.

नात्यातल्या लग्नांचा मुद्दा वाचून मी चपापलो. माझी आई माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची नवरी. खुंटी घडविणारा जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतो आणि त्याच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर काम भागते. पण आजोबांची बिघडलेली प्रत मामेबहीण आणि आतेभाऊ या दोन्ही वाटांनी खाली येऊन एकाच लेकरात भेटली, तर खुंटी नाहीशी होते. त्या लेकराच्या प्रत्येक सख्ख्या भावंडालाही चारांत एक संभव राहतो. मुंबई गटाच्या माणसाला रक्त शोधताना प्रथम भावंडांकडे वळतात ते यासाठीच.

या खुंटीची कथा तांबड्या पेशींशीच संपत नाही. गर्भाच्या अगदी आरंभीच्या ज्या पेशींपासून हृदय, हाड, मेंदू असे काहीही घडू शकते, त्यांना मूलपेशी म्हणतात. त्यांच्यापासून ऊती घडवून रुग्णात बसवाव्या, अशी वैद्यकाची आकांक्षा आहे. पण न बदललेली एखादी मूलपेशी मागे राहिली तर तिची गाठ होण्याचे भय असते. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा पेशी हुडकून वेगळ्या काढण्याचा एक उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी ज्या खुणेवरून त्या ओळखल्या, ती एच जातीचीच साखर होती! परळला जिचा अभाव प्रथम ध्यानात आला, तिचे असणे साठ वर्षांनी असे उपयोगी पडले.

माझ्या ओळखपत्रावर 'ओ' लिहिलेले आहे. पूर्वी त्याकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते. गेल्या महिन्यात रक्तपेढीत जाऊन माझा रक्तद्रव ओ पेशींशी ताडून घेतला. तेथील मुलगी हसून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही साधे ओच आहात." खुंटी शाबूत आहे हे कळून बरे वाटले. परंतु माझी धाकटी बहीणही ओच आहे, आणि तिची तपासणी व्हावयाची आहे. भाऊबीजेला ती येईल. ओवाळून झाल्यावर तिला घेऊन रक्तपेढीत जाण्याचे मी ठरविले आहे. यंदाची ओवाळणी तीच.