एका पाळकाची रोजनिशी

इतिहास शिकविण्यांत माझी तीस वर्षें गेलीं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ह्या दिवशीं झाली, सालबाईचा तह १७८२ सालीं झाला, हें मीं फळ्यावर इतक्या वेळां लिहिलें कीं, खडू हातीं घेतला म्हणजे हात आपोआप चालूं लागे. एके दिवशीं सातवींतील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, पानिपतच्या वेळीं आपल्या गांवचीं माणसें सकाळीं उठून काय खात होतीं?" वर्ग हंसला. मीही हंसलों, आणि "तें परीक्षेला येत नाहीं, बस खालीं," असें म्हणून धडा पुढें नेला. प्रश्न चुकीचा नव्हता हें मला त्याच क्षणीं कळलें होतें. पण उत्तर माहीत नव्हतें, आणि माहीत नाहीं असें सांगण्याचें धैर्यही नव्हतें.

निवृत्त झाल्यावर एक इंग्रजी पुस्तक हातीं आलें. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें; कोश जवळ ठेवून तें मी वर्षभर वाचीत होतों. एका खेडेगांवच्या ख्रिस्ती पाळकाची ती रोजनिशी. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मला तींत सांपडलें. मात्र तें आपल्या गांवचें नव्हे, इंग्लंडांतील एका गांवचें. तरी तें आज आपणांपुढें ठेवावें अशी इच्छा आहे.

ह्या पाळकाचें नांव जेम्स वुडफोर्ड. त्याचा जन्म १७४० सालीं सॉमरसेट परगण्यांत झाला. वडीलही पाळकच होते. ऑक्सफर्ड येथील न्यू कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें, आणि त्याच कॉलेजानें १७७४ सालीं त्याला नॉरफोक परगण्यांतील वेस्टन लाँगव्हिल ह्या गांवचें पाळकपद दिलें. १७७६ सालीं तो तेथें राहावयास गेला, तो मरेपर्यंत तेथेंच राहिला. त्या काळचें इंग्लंडांतील पाळकपद म्हणजे आपल्याकडील जोशी-कुलकर्ण्यांच्या वृत्तीसारखा प्रकार होता. गांवच्या उत्पन्नाचा दशांश पाळकाचा. त्या बदल्यांत त्यानें रविवारीं उपासना चालवावी, मुलांचे बाप्तिस्मे करावे, लग्नें लावावींत, मेलेल्यांस मूठमाती द्यावी. वुडफोर्डला ह्यांतून वर्षाकाठीं सुमारें ४०० पौंड मिळत. त्याच्या शेतावरील गड्याचा वर्षाचा पगार सुमारें १० पौंड होता, एवढें सांगितलें म्हणजे हा पाळक किती सुखवस्तु होता तें ध्यानांत येईल.

विवाहाचा योग मात्र त्याला आला नाहीं. जिच्याशीं लग्न करावें असें मनांत होतें, तिनें त्याच्याहून धनवान् वर पत्करला. पुढें १७७९ सालापासून नॅन्सी नांवाची पुतणी त्याच्याजवळ राहूं लागली. काका, पुतणी आणि नोकरचाकर असें तें घर.

१७५९ सालीं विद्यार्थी असतांना त्यानें रोजनिशी लिहावयास आरंभ केला आणि १८०२ च्या आक्टोबरपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षें, ती चालविली. ह्या माणसाच्या लेखणीला दर्शनशास्त्राची किंवा प्रवचनाची हौस नाहीं. आज थंडी किती होती, जेवावयास कोण आलें, काय वाढलें, कोणास किती पैसे दिले, पत्त्यांच्या डावांत किती हरलों, हेंच तो लिहितो. भोजनाची यादी तर इतकी बारीक कीं, एखाद्या आचाऱ्याची वही हातीं आल्याचा भास व्हावा.

त्या घरांतील कांहीं प्रसंग सांगतों. १७७६ च्या जूनमध्यें त्याची दाढ ठणकूं लागली. गांवांत दांतांचा वैद्य कोठला? घोड्यांचें औषधपाणी करणाऱ्या म्हाताऱ्याला बोलाविलें. त्यानें दाढ उपटतांना हिरडीचा मोठा तुकडाही उपटला. पाळकानें त्याला अडीच शिलिंग दिले, आणि ह्या गृहस्थाला आतां नीट दिसत नाहीं, त्यानें हें काम सोडावें, एवढाच शेरा वहींत मारला. १७७८ च्या एप्रिलांत त्याच्या डुकरांनीं बिअरच्या पिंपांतला गाळ खाल्ला आणि तीं अशीं झिंगलीं कीं त्यांना उभें राहतां येईना. १७७९ सालीं जॅक नांवाच्या पोरगड्याला हिंवताप आला. पाळकबुवांनीं त्याला घोटभर जिन पाजली, तळ्यांत डोक्यावर ढकलून दिलें आणि लागलींच अंथरुणांत घातलें. पोराला बरें वाटलें असेंही नमूद आहे! मात्र ह्याच माणसानें १७७६ सालीं आपल्या नोकरांस वैद्याकडून देवीही टोंचविल्या होत्या. जेन्नरनें गाईच्या देवींची लस १७९६ सालीं काढली. त्याच्या वीस वर्षें आधींची ही जुनी, जोखमीची पद्धत. १७९५ च्या जानेवारींत थंडी इतकी पडली कीं, पलंगाखालच्या मूत्रपात्रांतही बर्फ झालें. इतिहासाच्या कोणत्या ग्रंथकारानें हें लिहून ठेविलें असतें?

आतां त्याच्या दानधर्माकडे वळूं. दरवर्षीं डिसेंबरांत शेतकरी दशांशाची रक्कम भरावयास येत. आपल्याकडे सारा भरावयाचा दिवस म्हणजे सुतकी तोंडांचा दिवस. वुडफोर्डकडे तो मेजवानीचा दिवस असे. भाजलेलें गोमांस, उकडलेलें मेंढ्याचें मांस, मनुकांचें पुडिंग, आणि वर दारू हवी तेवढी. गाणीं होत, एखाददुसरें भांडें फुटे, आणि एका दिवसांत दोनशेंहून अधिक पौंड पाळकाच्या हातीं येत. २१ डिसेंबरला, म्हणजे संत थॉमसच्या दिवशीं, गांवचे गरीब दारीं येत. प्रत्येकाला सहा पेनी मिळत. नाताळच्या दिवशीं कांहीं वृद्ध त्याच्या स्वैंपाकघरांत पोटभर जेवत आणि जातांना शिलिंग घेऊन जात. फेब्रुवारींत व्हॅलेंटाईनच्या दिवशीं चौदा वर्षांखालील जें मूल येईल त्याला एक पेनी. अट एवढीच कीं, त्याला बोलतां आलें पाहिजे. कडेवरच्या तान्ह्यांच्या नांवावर कोणी पेनी नेऊं नये, असा हा व्यवहार!

येथपर्यंत ऐकून आपण म्हणाल, भला माणूस दिसतो. तो भला होताच. पण रोजनिशी प्रामाणिकपणें लिहिली कीं ती लिहिणाराची वकिली करीत नाहीं. २९ मार्च १७७७ च्या रात्रीं अकराच्या सुमारास घरांतील मंडळी निजावयास निघालीं असतां बैठकीच्या खिडकीखालीं कोणी शीळ घातली. सगळीं दचकलीं. तो चोरटा व्यापारी होता. त्यानें सहा रत्तल चहा आणला होता. पाळकानें त्याला घोटभर जिन दिली आणि दर रत्तलास साडेदहा शिलिंग ह्या दरानें तीन पौंड तीन शिलिंग मोजले. त्याच्या शेतगड्याला तेवढे मिळविण्यास जवळजवळ चार महिने राबावें लागे. चहावरील जकात त्या वेळीं मूळ किंमतीहूनही अधिक होती. १७८४ सालीं ती एकदम साडेबारा टक्क्यांवर आणीपर्यंत चोरटा चहा घराघरांतून पोंचत असे. रविवारीं दहा आज्ञा वाचणारा पाळक तो रात्रीं घेत होता, आणि घेतला हें लिहून ठेवीत होता. हें ढोंग म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. ढोंगी मनुष्य लिहून ठेवीत नाहीं. सगळे करतात तें पाप वाटत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

दोन नोंदींपाशीं मात्र मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलों.

पहिली १७७७ च्या जुलैची. वुडफोर्ड आपल्या जन्मगांवाकडे गेला होता. बटाटे चोरल्याबद्दल एका माणसाला कॅसल केरी गांवांतील रस्त्यांतून फटके मारीत नेलें. फटके मारणाऱ्यासाठीं लोकांनीं वर्गणी काढली. आपण तींत कवडीही घातली नाहीं, असें वुडफोर्ड लिहितो.

दुसरी १७८७ च्या जानेवारींतली. लग्नाआधीं स्त्रीला दिवस गेले, तर त्या मुलाच्या पोषणाचा भार गांवच्या गरीबनिधीवर पडे. म्हणून गांवचे अधिकारी पुरुषाला पकडून, लग्न कर नाहीं तर तुरुंगांत जा, असा पेंच घालीत. अशाच एका पकडून आणलेल्या माणसाचें लग्न वुडफोर्डला लावावें लागलें. कायद्यानें कोणाला लग्न करावयास लावणें ही क्रूर गोष्ट आहे, ह्या आशयाचें त्यानें त्या दिवशीं लिहिलें. पण लग्न लावलें. सक्ती क्रूर आहे हें कळत होतें. तरी हात वर करून त्यानें त्या दोघांना आशीर्वाद दिला.

ती नोंद वाचतांना मला माझा वर्ग आठवला, आणि "बस खालीं" हे माझे शब्द आठवले. मनाला एक पटलेलें असतें आणि हात दुसरें करीत असतो, ही अवस्था पाळकाची तशी शिक्षकाचीही. फरक इतकाच कीं, त्यानें तें त्याच रात्रीं लिहून ठेविलें, आणि मी तें तुम्हांला इतक्या वर्षांनीं सांगत आहें.

आपल्याकडे असें कांहीं नाहीं काय? राज्यकारभाराचें आहे. पेशवे दफ्तरांत रोजकीर्दींचे ढीग आहेत. हत्तीच्या चाऱ्यापासून देवस्थानच्या तेलवातीपर्यंत खर्च त्यांत मांडलेला आहे. पाळकाच्या घरचा संसार पाहावयाचा असेल तर १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेलीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' उघडावींत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीच्या घरांतील रुसवेफुगवे, ओढाताण आणि मायाही त्या बाईंनीं आडपडदा न ठेवतां सांगितली आहे. पण तीं मागाहून आठवून लिहिलेलीं चित्रें. ज्या दिवशींचें त्याच दिवशीं लिहिणारा सामान्य माणूस आपल्याकडे विरळा.

विरळा म्हटलें खरें. पण एक माझ्या घरांतच होतें. माझी पत्नी रोज रात्रीं हिशेबाची वही लिही. दूध, दळण, रॉकेल, मुलांच्या पाट्यापेन्सिली; मध्येंच "शेजारच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू अकरा", "पाऊस नाहीं, ज्वारी महाग", "ह्यांना बरें नाहीं, पेज केली" अशी एखादी ओळ. ती गेल्यावर त्या सगळ्या वह्या मीं माझ्या हातानें रद्दींत घातल्या. चाळीस वर्षांचा संसार तराजूंत घालून त्याचे किती आणे आले हें मला आठवतही नाहीं. फडताळांत डब्यांखालीं अंथरलेली एक वही तेवढी वांचली. इतिहासाचा शिक्षक मी. आणि घरांतला इतिहास मला ओळखतां आला नाहीं. वुडफोर्डच्या घराण्यानें त्याच्या वह्या शंभरांहून अधिक वर्षें सांभाळल्या. जॉन बेरेसफोर्ड ह्यांनीं १९२४ ते १९३१ ह्या काळांत त्या निवडून पांच भागांत छापल्या, तेव्हां जगाला हा पाळक ठाऊक झाला.

त्याची अखेरची नोंद १७ आक्टोबर १८०२ ची आहे. अंगांत कपडे घालण्याचें बळ नाहीं, मोठ्या कष्टानें आणि दुसऱ्याच्या आधारानें जिना उतरलों, असें लिहून त्यानें खालीं त्या दिवशींचें भोजन नोंदविलें: भाजलेलें गोमांस. पुढें लेखणी थांबली.

३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांच्या कंपनीशीं तह केला. ती तारीख मीं हजारों मुलांकडून पाठ करून घेतली. दुसऱ्याच दिवशीं, १ जानेवारी १८०३ रोजीं, वुडफोर्ड वारला. ही तारीख कोणी पाठ करीत नाहीं, आणि करावी असेंही माझें म्हणणें नाहीं. पण पहिल्या तारखेनें राज्य कसें गेलें तें कळतें. दुसऱ्या तारखेमागें असलेल्या वह्यांनीं माणसें कशीं जगलीं तें कळतें. पूर्ण इतिहासाला दोन्ही हवींत.

म्हणून श्रोतेहो, घरांत कोणाची जुनी वही असेल, आजीची, वडिलांची, दुकानाची किंवा शेताची, तर ती तराजूंत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहा. आणि जमल्यास आज रात्रीं स्वतःही चार ओळी लिहा. शोभेल तेंच लिहूं नका. घडलें तें लिहा.

तो सातवींतला मुलगा आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडत असेल, तर त्यानें आपल्या गुरुजींना क्षमा करावी. त्याचा प्रश्न बरोबर होता. आतां तो उभाच राहो. खालीं बसावयास मी सांगणार नाहीं.